रॅम्प आहे, पण चढता येतो का?

माझ्या पर्समध्ये पाच मीटरचा टेप असतो. गवंडी-सुतार वापरतात तोच, पिवळ्या डबीतला. मी विशेष शिक्षिका आहे. दिव्यांग मुलं आपल्या नेहमीच्या शाळांत इतर मुलांबरोबर शिकतात, त्या शाळांत मी आळीपाळीनं जाते. मुलांचा अभ्यास बघते, वर्गशिक्षकांशी बोलते, कधी घरी जाऊन आईवडिलांना व्यायाम दाखवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे फाइल होती, चित्रकार्डं होती, टेप नव्हता. तो एका मुलीमुळे आला.

सातवीतली मुलगी. तिला सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाला इजा झालेली. पाय ताठ, हात जरा हळू, डोकं तल्लख. व्हीलचेअरवर शाळेत यायची. दुपारी चारच्या सुमारास मी वर्गात गेले तर तिच्या बाकावर पाण्याची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. मार्च महिना, वर पत्रा तापलेला. मी विचारलं, "पाणी का नाही प्यालीस गं?" ती गप्प. शेजारच्या मैत्रिणीनं हळूच सांगितलं, "मॅडम, ती शाळेत पाणी पीतच नाही. मग जावं लागतं ना."

शाळेत दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह होतं. बाहेर व्हीलचेअरचं चित्र काढलेली निळी पाटी होती. शाळेच्या माहितीच्या तक्त्यात त्या रकान्यात 'होय' लिहिलेलं होतं. शिपाईमामांकडून किल्ली आणून दार उघडलं. आत दोन खराटे, एक मोडकी खुर्ची, फिनाईलचा कॅन. तेवढं बाहेर काढता आलं असतं, पण खरी अडचण पुढेच होती. दार आतल्या बाजूला उघडत होतं. व्हीलचेअर आत घेतली की दार लावायला जागाच उरत नव्हती. बारा वर्षांच्या मुलीनं दार उघडं टाकून बसायचं?

त्या दिवसापासून मी 'आहे का' असं विचारत नाही, 'वापरता येतं का' असं विचारते. सुगम्यता या जड सरकारी शब्दाचा अर्थ मला तरी एवढाच कळला आहे. आणि वापरता येतं की नाही, हे बहुतेक वेळा काही इंचांवर ठरतं.

आधी रॅम्पचं गणित

शाळेच्या व्हरांड्याला साधारण तीन पायऱ्या असतात. एक पायरी पंधरा सेंटीमीटरची धरली तर चढ झाला पंचेचाळीस सेंटीमीटर. रॅम्पचा सर्वमान्य नियम १ ला १२ असा आहे. एक सेंटीमीटर वर जायचं तर बारा सेंटीमीटर लांबी हवी. म्हणजे पंचेचाळीस गुणिले बारा, पाचशे चाळीस सेंटीमीटर. साडेपाच मीटरला थोडा कमी, जवळपास अठरा फूट.

त्या शाळेतला रॅम्प मी नंतर मोजला. एक मीटर साठ सेंटीमीटर. पाच फुटांच्या जरा वर.

आता हे बाराच का? व्हीलचेअरवर बसलेलं मूल आणि खुर्ची मिळून साठ किलो वजन धरा. १ ला १२ च्या चढावर ते वजन मागे ओढतं साठचा बारावा भाग, म्हणजे पाच किलोच्या जोरानं. पाच किलो पिठाची पिशवी उचलून धरावी तसं. सवय असलेले हात हे करू शकतात. एक मीटर साठच्या रॅम्पवर तीच ओढ सोळा-सतरा किलोंची होते. मुलीच्या हातांना ते झेपत नाही, खुर्ची मागे उलटायची भीती वेगळीच. उतरताना तेवढाच जोर पुढे ढकलतो, आणि आमच्या त्या रॅम्पच्या तोंडाशी सिमेंटची गटाराची कड होती. तिला वर घ्यायला रोज दोघी मैत्रिणी मागून ढकलायच्या आणि एखादा दांडगा मुलगा पुढून ओढायचा. मुलं प्रेमानं करायची, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण ती मुलं गैरहजर असली तर ही शाळेत येऊ शकत नव्हती. शाळेत येणं हे दुसऱ्याच्या हजेरीवर अवलंबून असलं, तर त्या इमारतीला दार आहे असं मी म्हणणार नाही.

अठरा फूट जागा नसते, ही तक्रार मी दर दुसऱ्या शाळेत ऐकते. रॅम्प सरळच असला पाहिजे असं नाही. भिंतीला धरून वळवता येतो, मध्ये दीड मीटरची सपाट जागा ठेवून उलट दिशेला नेता येतो. वर, दाराशी, तशीच सपाट जागा लागते, कारण उतारावर खुर्ची थोपवून धरत दार उघडणं कुणालाच जमत नाही. दोन्ही बाजूंना कठडा हवा, तोही दोन उंचीवर: एक मोठ्यांच्या हाताला येईल असा नव्वद सेंटीमीटरच्या आसपास, दुसरा त्याखाली लहान मुलांसाठी. कडेला दोन-तीन इंचांची उभी कड हवी, म्हणजे चाक बाहेर घसरणार नाही. आणि कृपा करून गुळगुळीत टाइल्स नकोत. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, कोकणात तर पायरीवर शेवाळ धरतं. खरखरीत कोबा स्वस्तही पडतो आणि पकडही देतो.

दाराची मोकळी रुंदी नव्वद सेंटीमीटर असावी असं धरलं जातं. स्वच्छतागृहात व्हीलचेअर गोल वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. कमोडच्या शेजारी भिंतीत घट्ट बसवलेला आडवा दांडा, ज्यावर अंगाचा सगळा भार टाकून खुर्चीतून तिकडे सरकता येईल. पिळायचा गोल नळ नको, दांडीचा नळ हवा, कारण ज्याची बोटं मिटत नाहीत त्यालाही मनगटानं तो उघडता येतो. कडी बसल्या जागी हाताशी येईल इतकी खाली. यातली एकही गोष्ट महागडी नाही. बांधायच्या आधी कुणीतरी विचारलं असतं तर बहुतेक गोष्टी फुकटात झाल्या असत्या, कारण दार आत उघडायचं की बाहेर, याचे सुतार वेगळे पैसे घेत नाही.

अपंगत्व नक्की कुठे असतं

आमच्या परिचयाचे एक अंध गृहस्थ आहेत. लोडशेडिंगच्या काळात एका संध्याकाळी आम्ही पाच-सहाजण त्यांच्याकडे बसलो होतो आणि वीज गेली. आम्ही सगळे जागच्या जागी चाचपडू लागलो. कुणाचा पाय स्टुलाला लागला, कुणाचा चहा सांडला. ते सहज उठले, स्वयंपाकघरात गेले, मेणबत्ती आणि काडेपेटी घेऊन आले आणि म्हणाले, "तुमच्यासाठी लावतो." त्या पाच मिनिटांत त्या घरात अडलेले कोण होते?

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ ला दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो करार स्वीकारला, त्याच्या मुळाशी हीच समज आहे. शरीरातली किंवा मेंदूतली उणीव ही एक गोष्ट. त्या उणिवेची गाठ पायऱ्यांशी, बारीक अक्षरांशी, लोकांच्या नजरांशी पडते आणि माणूस अडतो, ही दुसरी. उपचार, व्यायाम, पायाला आधार देणारं कॅलिपर, श्रवणयंत्र हे पहिल्या गोष्टीसाठी. दुसरी गोष्ट दुरुस्त करायची ती इमारतीत, फळ्यावर आणि वागण्यात. भारतानं हा करार २००७ मध्ये मान्य केला आणि त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, या कायद्यात एकवीस आहेत. स्वमग्नता (ऑटिझम), विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यात झालेल्या इजा, हे सगळं त्यात आलं.

शब्दांबद्दल दोन ओळी. 'दिव्यांग' हा शब्द २०१५ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी सुचवला आणि सरकारी कागदांत तो रुळला. दिव्यांग चळवळीतल्या अनेकांना तो आवडत नाही. आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला रस्ता द्या, असं ते म्हणतात आणि मला ते पटतं. कायद्याचा आणि योजनांचा शब्द म्हणून मी तो वापरते. पण 'व्हीलचेअरला खिळलेली' असं कुणी लिहिलं की मी हटकून दुरुस्त करते. व्हीलचेअर ही तिला घराबाहेर काढणारी वस्तू आहे. खिळलेली होती ती खाटेवर, खुर्ची येण्याआधी.

दोन वेगळ्या गोष्टी, ज्यांची गल्लत होते

मुख्याध्यापकांच्या बैठकीत मी हा भाग जरा सावकाश समजावते, कारण सगळा गोंधळ इथे होतो.

पहिली गोष्ट, सुगम्यता. ती आधीच करून ठेवायची असते, कुणी मागो न मागो. रॅम्प, रुंद दार, पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा, मोठ्या अक्षरांतल्या पाट्या. "आमच्याकडे तसं मूलच नाही" हे उत्तर इथे चालत नाही. रॅम्प नसलेल्या शाळेत तसं मूल येणार तरी कसं?

दुसरी गोष्ट, एका विशिष्ट मुलासाठी केलेली वाजवी सोय. ती गरज बघून, त्या मुलाशी आणि घरच्यांशी बोलून ठरवायची. माझं नेहमीचं उदाहरण असं: आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. मुलगी सातवी पास झाली. आता काय? शाळेनं आठवीचा वर्ग खाली आणायचा आणि पाचवीचा वर न्यायचा. एक रुपया खर्च नाही, एका रविवारी बाकं हलवायची. पण मी अशी शाळा पाहिली आहे जिथे वडिलांना सांगण्यात आलं, "वर्ग वर आहे, तुम्हीच बघा कसं जमतंय ते." वडील दोन महिने तिला पाठीवर घेऊन चढले. मग त्यांना मजुरीवर वेळेत पोचता येईना, आणि मुलगी घरी बसली. अशी सोय नाकारणं हा कायद्यानं भेदभाव आहे. उपकार करायचा की नाही, एवढ्यापुरता हा विषय उरलेला नाही.

वाजवी सोयीबद्दलचा एक निकाल पालकांना माहीत असायलाच हवा. कायद्यात बऱ्याच सवलती ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी आहेत. त्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, तोही जवळच्या शाळेत किंवा हवं असेल तर विशेष शाळेत, या गटाला आहे. सरकारी नोकऱ्यांतलं ४ टक्के आरक्षणही. पण परीक्षेत लेखनिक, म्हणजे उमेदवार सांगेल ते लिहून देणारा माणूस, मिळण्यासाठी ४० टक्क्यांचा दाखला लागतोच का? लिहिताना हात आखडतो अशा एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की नाही. गरज खरी असेल तर टक्केवारीचं कारण देऊन लेखनिक नाकारता येत नाही. विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, असा तो खटला. 'टक्केवारी कमी भरली' म्हणून परत पाठवलेले पालक माझ्याकडे आले की मी त्यांना या खटल्याचं नाव कागदावर लिहून देते.

आणि इमारतींचं काय? कायदा स्पष्ट आहे. नियमांत न बसणाऱ्या नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या. नियम निघाले १५ जून २०१७ ला, म्हणजे मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. आपल्या तालुक्याच्या कचेरीत एकदा जाऊन बघा.

मुदत संपूनही हे का झालं नाही, याचं एक उत्तर सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला दिलं. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्यानं २००५ मध्ये दाखल केलेला हा खटला. न्यायालयाच्या लक्षात आलं की कायदा 'करावंच लागेल' म्हणतो, पण त्याखालचा नियम क्रमांक १५ ज्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो त्या नुसत्या शिफारशी आहेत. 'असावे', 'शक्य असल्यास', 'शक्यतो'. बांधकाम खात्यातल्या माणसाला 'शक्यतो' हा शब्द दिला की काय होतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. न्यायालयानं तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि ज्यांना पर्याय नाही असे सक्तीचे किमान निकष वेगळे काढायला केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. एकोणीस वर्षं चाललेल्या खटल्यातून निघालेली ही गोष्ट एका वाक्याची आहे: उताराचं माप ही विनंती असू शकत नाही.

जे रॅम्पनं सुटत नाही

व्हीलचेअर डोळ्यांना दिसते, म्हणून अपंगत्व म्हटलं की सगळ्यांच्या मनात तेवढीच येते. शाळेत मला भेटणारी बरीच मुलं धडधाकट पळत असतात.

कानात यंत्र लावलेला मुलगा घ्या. शिक्षकांना वाटतं, यंत्र आहे म्हणजे आता ऐकू येतं. चष्मा लावला की दिसतं, तसं. पण श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, निवडत नाही. बाईंचा आवाज मोठा होतो तसा पंख्याचाही, बाक सरकल्याचाही, शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांचाही. पत्र्याच्या, उघड्या भिंतींच्या वर्गात आवाज घुमतो, तो घुमलेला आवाजही मोठा होतो. त्यामुळे हा मुलगा बाईंच्या ओठांकडे बघून उरलेलं भरून काढतो. आणि बाई? फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोलतात. तेवढा वेळ त्याच्यासाठी तास बंद.

म्हणून मी शिक्षकांना तीनच गोष्टी सांगते. लिहून झालं की वळा आणि मग बोला. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो आणि ओठ दिसत नाहीत. दुसरा कुणी मुलगा उत्तर देत असेल तर त्याच्याकडे हात करा, म्हणजे याला कळेल कुणाकडे बघायचं. एका गणिताच्या सरांनी हे मनावर घेतलं. ते म्हणाले, "मॅडम, मी वळून बोलायला लागल्यापासून मागच्या बाकांवरची बडबडही कमी झाली."

ज्यांना मुळीच ऐकू येत नाही त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा आहे. ती म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचं व्याकरण आहे, चेहऱ्यावरचे भाव त्या व्याकरणाचा भाग असतात. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८० च्या दशकात सुरू झाली, अंधांसाठीच्या शाळा विसाव्या शतकाच्या तोंडावर. एवढा जुना वारसा असूनही खुणा येणारा शिक्षक साध्या शाळेत मिळणं फार दुर्मीळ आहे. म्हणून कर्णबधिर मुलाला विशेष शाळेत घालणाऱ्या पालकांना मी कधी नावं ठेवत नाही. ज्या वर्गात आपली भाषा बोलणारं कुणीच नाही, तिथे बसवून ठेवणं म्हणजे समावेश नव्हे. निवड मुलाची आणि पालकांची आहे, कायद्यानंही ती त्यांचीच ठेवली आहे.

अल्पदृष्टी असलेल्या मुलांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांना काहीच दिसत नाही असं नसतं, त्यामुळे लोकांना ती सोंग करतात असं वाटतं. "मघाशी तर पळत आलास, आता फळा दिसत नाही?" मोठी वस्तू दिसते, बारीक अक्षर दिसत नाही, सावलीत दिसतं, उन्हात डोळे दिपतात. त्यांना फळा चकाकणार नाही अशी जागा, जाड काळ्या पेनानं लिहिलेला मजकूर आणि वही डोळ्यांजवळ येईल असा उतरता डेस्क पुरतो. पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळा रंग मारला की जिना दिसायला लागतो. रंगाचा एक छोटा डबा लागतो त्याला.

अध्ययन अक्षमता तर डोळ्यांना दिसतच नाही. हुशार बोलणारं मूल, पण वाचताना अक्षरं जुळत नाहीत, किंवा लिहिताना 'कमळ'चं 'मकळ' होतं, किंवा आकडे जागा बदलतात. अशी मुलं वर्षानुवर्षं 'आळशी' म्हणून मार खातात. तपासणी होऊन दाखला मिळाला की दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, अशा सवलती मिळतात. दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जादा देण्याची पद्धत आहे. पालकांना माझी एकच कळकळीची विनंती: नववीच्या शेवटी धावाधाव करू नका. तिसरी-चौथीतच शंका आली तर तेव्हाच तपासून घ्या. दाखल्याला वेळ लागतो, आणि मुलाचा स्वतःवरचा विश्वास दाखल्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो.

स्वमग्न मुलांसाठी शाळेची घंटा हीच पायरी असते. अचानक लोखंडावर पडणारा घण त्यांना अंगावर मारल्यासारखा वाटू शकतो. घंटेच्या एक मिनिट आधी सांगितलं, दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावलं, आणि फारच झालं तर दहा मिनिटं बसायला एक शांत कोपरा ठेवला, की दिवस बराच सुसह्य होतो.

शाळेच्या फाटकाबाहेर

रस्त्यावरच्या पिवळ्या खडबडीत लाद्या सगळ्यांनी पाहिल्या असतील. मेट्रो स्टेशनात, रेल्वे फलाटावर, काही शहरांच्या फुटपाथवर. अनेकांना ती नक्षी वाटते. ती जपानमधून आलेली कल्पना आहे. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये ती लादी तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंध शाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. त्या लाद्यांत दोन अक्षरं आहेत म्हणा ना. लांबट पट्ट्या म्हणजे 'या दिशेनं चालत राहा'. गोल ठिपके म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे': जिना, रस्ता, फलाटाची कड. तळव्याला आणि काठीच्या टोकाला ते कळतं. पिवळा रंग अल्पदृष्टी असलेल्यांसाठी, कारण तो लांबून उठून दिसतो.

हे एकदा कळलं की चुका आपोआप दिसू लागतात. पट्ट्यांची वाट सरळ विजेच्या खांबावर जाऊन संपलेली मी पाहिली आहे. ठिपके आणि पट्ट्या रंगसंगतीसाठी एकाआड एक बसवलेल्याही पाहिल्या आहेत. वाचणाऱ्यासाठी तो मजकूर असा होतो: चाल, थांब, चाल, थांब. आणि लाद्या बरोबर बसल्या तरी त्यावर आपण स्कूटर लावतो. हे शेवटचं तरी महापालिकेच्या माथी मारता येत नाही.

मुंबईच्या लोकलचं एक चांगलं उदाहरण सांगायला हवं. दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर बीप-बीप असा आवाज सतत येत राहील अशी सोय केलेली आहे. गर्दीत उभ्या अंध प्रवाशाला त्यावरून जागा सापडते. साधा आवाज, पण तो एखाद्या दिवशी बंद पडला तर डबा शोधणं किती अवघड होतं, हे तिथून रोज जाणाऱ्यांना विचारा. आपल्या एसटीची पहिली पायरी मात्र अजूनही म्हाताऱ्याकोताऱ्यांना गुडघ्यावर हात ठेवून चढावी लागते. दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे, ती मोलाची आहे. पण चढताच आलं नाही तर तिकीट किती स्वस्त आहे याचा काय उपयोग?

गावातल्या बऱ्याच शाळांत पहिला रॅम्प आला तो मतदान केंद्रामुळे, हेही माझं निरीक्षण आहे. निवडणूक आली की लाकडी फळ्या टाकून का होईना, चढ तयार होतो, व्हीलचेअर येते, स्वयंसेवक उभे राहतात. मतदान यंत्रावर ब्रेल आकडे असतात. एका दिवसासाठी जे दोन दिवसांत होतं, ते वर्षभरासाठी का होत नाही, असं मला एका ग्रामसेवकांनीच विचारलं होतं. त्यांनीच पुढे मार्गही सांगितला, तो इथे देते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांना आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. गावची घरपट्टी-पाणीपट्टी जी जमते, त्यातला हा वाटा. छोट्या गावात रक्कम फार नसते आणि ती बऱ्याचदा वर्षअखेरीला दिव्यांग व्यक्तींच्या खात्यावर थोडी थोडी वाटून संपते. वाटण्याला माझा विरोध नाही, गरज असते. पण ग्रामसभेत उठून हिशेब विचारता येतो आणि शाळेच्या, दवाखान्याच्या, पंचायतीच्या दारातल्या अडचणींवरही बोलता येतं. जाताना तोंडी मागणी नेऊ नका. टेप घेऊन आधी मोजा आणि लिहून न्या: चढ ४५ सेंटीमीटर, सध्याची लांबी १६०, हवी ५४०. आकडे मांडले की 'बघू' म्हणणं समोरच्याला अवघड जातं, हा माझा अनुभव आहे.

आमच्या त्या शाळेत असंच झालं. मुख्याध्यापकांना मी टेपचं एक टोक धरायला लावलं. त्यांनी स्वतः आकडा वाचला आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव झाला. समितीतले एक गवंडीकाम करणारे पालक पुढे आले. मे महिन्याच्या सुट्टीत जुना रॅम्प फोडून भिंतीला धरून वळणारा नवा झाला, दोन तुकड्यांत, मध्ये सपाट जागा सोडून. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा त्यावरून सगळ्यात आधी वर गेली ती पोषण आहाराच्या तांदळाची पोती, ढकलगाडीवर. मग पहिलीतली पोरं, पळत. मग एका मुलाची आजी, कठड्याला धरून. आमची ती मुलगी आली पावणेअकराला, स्वतः चाकं फिरवत, मध्ये सपाट जागेवर जरा दम खाऊन. मागे मैत्रिणी होत्या, पण हात मोकळे ठेवून चालत होत्या.

स्वच्छतागृहातले खराटे हलले, दांडा बसला, किल्ली आता शिपाईमामांच्या खिशाऐवजी दाराशेजारच्या खिळ्याला असते. दार अजून आतच उघडतं. बिजागऱ्या उलट बाजूला घ्यायला सुताराला दोनदा निरोप दिला आहे. येत्या सोमवारी मी त्या शाळेत आहे, तेव्हा त्याला घेऊनच जाणार आहे.